महिलांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये (म्हणजे सॉकर नव्हे, लंबगोल चेंडूने खेळतात तो ऑस्ट्रेलियाचा वेगळा खेळ) एरिन फिलिप्सला एवढी मोठी का मानतात?

कारण मोठ्या लीगमध्ये तिची सुरुवातच वयाच्या ३१व्या वर्षी झाली! वडील ग्रेग फिलिप्स पोर्ट अ‍ॅडलेड क्लबचे नावाजलेले खेळाडू, पण वयाच्या १३-१४ वर्षांनंतर मुलींना पुढे खेळायला वाटच नव्हती, म्हणून ती बास्केटबॉलकडे वळली आणि तिथेही २००८ला ऑलिंपिक सिल्व्हर मिळवलं. २०१७ला महिला लीग सुरू झाली, अ‍ॅडलेड या दुसऱ्या क्लबकडून पहिल्याच सीझनला कप आणि लीगची बेस्ट प्लेअरही तीच. २०१९ची फायनल मात्र बघाच, गुडघा गेला, स्ट्रेचरवरून नेताना ५३ हजार लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मला अजून भरून येतं. मॅचची बेस्टही तीच. नंतर वडिलांच्याच पोर्ट अ‍ॅडलेडची पहिली महिला कॅप्टन झाली.