राजाच्या कमरेला रुमाल कशाला?

प्रश्न: येशूला राजांचा राजा म्हणतात आणि त्याच दमात तो किती नम्र होता तेही सांगतात, गाढवावर बसला, शिष्यांचे पाय धुतले वगैरे. खरं सांगू का, मला हे जरा नाटकी वाटतं. शेवटी गादी आपलीच आहे हे माहीत असताना चार दिवस साधं राहायला काय जातं? आणि नम्र म्हणजे कुणी काहीही करो, गप्प बसायचं का?

उत्तर: पहिला प्रश्न झकास आहे, बरेच श्रद्धाळू लोक हा विचारायला कचरतात. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय सावकाश वाचून बघा. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे येशूला माहीत होतं असं तिथे आधी लिहिलंय, आणि लगेच पुढे तो जेवणावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेकाचे पाय धुवायला बसतो. सगळी सत्ता हातात आल्यावर त्या हातांनी काय केलं, तर हे केलं, आणि त्या पायांत यहूदा या शिष्याचेही पाय होते बरं का, जो थोड्याच वेळात उठून त्याला धरून द्यायला जाणार होता. सोंग घेतलेला माणूस निदान तेवढे दोन पाय तरी सोडून देईल.

याकोब आणि योहान या शिष्य असलेल्या भावांचं तर काय सांगावं, तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव म्हणून ते आधीच नंबर लावून मोकळे! येशू म्हणाला, तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळत नाही. मार्काने आपल्या शुभवर्तमानात ही गोष्ट दहाव्या अध्यायात सांगितलीय आणि पंधराव्यात क्रूसाच्या उजव्या-डाव्या बाजूला दोन लुटारू आहेत, वर पाटी यहूद्यांचा राजा. मला वाटतं मार्काने हे मुद्दाम असं मांडलंय. कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्त राजाचा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली सुरू केला, इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता तो काळ, आणि आज त्या सणाला दर तीन वर्षांनी जे शुभवर्तमान वाचतात ते हेच, क्रूसावरचं, लूकने सांगितलेलं, ज्यात एक गुन्हेगार म्हणतो की तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव.

आता ‘गादी आपलीच’ या मुद्द्याकडे येऊ. क्रूसावर मेल्यानंतर पुन्हा उठल्यावर जखमा भरून आल्या असत्या, सगळं मागे पडलं असतं, तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पण थोमा या शिष्याला दाखवले ते खिळ्यांचे व्रण होते, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात, यहूदा वंशाचा सिंह जिंकलाय अशी घोषणा ऐकून योहान बघतो तर राजासनापाशी उभा कोण, वधलेला दिसणारा कोकरा, येशूच! म्हणजे वैभवातही तो तसाच आहे, चार दिवसांचं साधेपण आटोपून मूळ थाटावर गेलेला नाही.

त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांना मात्र हे फारसं झेपलं नाही हेही कबूल करायला हवं. राजांनी आपली सिंहासनं देवाच्या नावावर पक्की करून घेतली, पोपही शेकडो वर्षं तिहेरी मुकुट घालत होते, अगदी सहावे पॉल यांनाही १९६३ साली तो घातला गेला, पुढच्या वर्षी त्यांनी तो उतरवून वेदीवर ठेवला आणि त्यानंतर एकाही पोपचा मुकुटविधी झालेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, नाही. महायाजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. तेव्हा त्याने उलट हात उचलला नाही, पण गप्पही बसला नाही, सरळ विचारलं, मी वाईट बोललो असेन तर काय ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का?