हॅलोवीनच्या चॉकलेटच्या घराचं छप्पर सारखं घसरतंय. आतून पुठ्ठ्याचा आधार देऊ का?

अजिबात देऊ नका. छप्पर घसरतंय ते बहुतेक चॉकलेट नीट टेम्पर न झाल्यामुळे, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून, थंड करून परत किंचित गरम न केल्यामुळे. पुठ्ठा लावलात तरी मऊ चॉकलेट मऊच राहणार.

याच पुठ्ठ्यावरून माझं आणि माझ्या जाऊबाईंचं आजही पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मुलांच्या हॅलोवीन पार्टीसाठी आम्ही दोघींनी भुताचा वाडा करायला घेतला होता. त्यांचं म्हणणं, "शोभेची वस्तू आहे, खातंय कोण? आत पुठ्ठा, कोपऱ्यांना ग्लू गन, वरून चॉकलेट फासू." मी म्हटलं, चॉकलेटचं घर म्हणून पोरांपुढे ठेवायचं आणि त्यांच्या तोंडात गोंद जायचा, हे मला चालणार नाही. शेवटी त्यांनी त्यांचा वाडा केला, मी माझा.

डार्क चॉकलेट 45 अंश सेल्सिअसपर्यंत वितळवलं, ढवळत 27-28 वर आणलं आणि परत 31-32 वर नेलं. कोकोआ बटरचे, म्हणजे चॉकलेटमधल्या स्निग्धाचे, स्फटिक सहा प्रकारचे असतात, त्यातला पाचवा जमला तरच चकाकी येते आणि भिंत ताठ उभी राहते. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवायचं. पाचेक मिनिटांत चकचकीत घट्ट झालं की समजायचं जमलं. मग ॲसिटेट शीटवर (गुळगुळीत, पातळ प्लॅस्टिकवर) साधारण अर्धा सेंटिमीटर थर पसरला आणि हाताला चिकटेनासा झाल्यावर, पण पुरता कडक व्हायच्या आत, कागदी साचे ठेवून भिंती कापल्या. कडक झाल्यावर सुरी लावली की तडा जातो. सांधायलाही तेच टेम्पर केलेलं चॉकलेट. चारही भिंती पक्क्या झाल्यावरच छप्पर, आणि सांधे धरेपर्यंत त्याला खालून वाट्यांचा टेकू. तुम्ही हा टेकू देत नसाल तर आधी तो द्या.

पार्टीत पोरांनी माझ्या वाड्याचं छप्पर मोडून खाल्लं, चिमणीवरून तर भांडणं झाली. जाऊबाईंचा वाडा टेबलावर तसाच राहिला. तो जास्त देखणा होता असं त्या अजून म्हणतात. असेलही. पण खायचंच नसेल तर पुठ्ठ्याचं घर करून रंगवावं, त्यावर चांगलं चॉकलेट कशाला वाया घालवायचं?

रंग तेलात मिसळणारे घ्या, पाण्याच्या रंगाने चॉकलेटच्या गुठळ्या होतात. तयार घर फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरून पांढरे डाग पडतात. खोली फारच गरम असेल तर मात्र खरं चॉकलेट टिकणार नाही, तिथे कंपाउंड वापरा. त्यात कोकोआ बटरऐवजी वनस्पती तेल असतं, टेम्पर करावं लागत नाही; चव कमी, पण खाता तरी येतं. सुकामेवा लावणार असाल तर कोणाला ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. आणि घरात कुत्रा असेल तर सगळं उंचावर ठेवा, चॉकलेट त्याला विषारी असतं.