मोतीबिंदूचा कट वरून की कानाच्या बाजूने?

प्रश्न: माझ्या आईच्या (वय ७१) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ९ वर्षांपूर्वी शिबिरात झालं, बिनटाक्याचं, वरच्या पापणीखाली कट घेऊन. दिसायला लागलं पण चष्म्यात सिलिंडरचा (डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्याचा) नंबर आला, मायनस १.७५, ॲक्सिस (त्या नंबराची दिशा, अंशांत) ९०. चष्मा काढला की कॅलेंडरवरच्या ८ ला सावली दिसते म्हणते. आता डाव्या डोळ्याला नवे डॉक्टर म्हणतात फेको (छोट्या कटातून मोतीबिंदू आतच फोडून काढायचं ऑपरेशन) करू, कट कानाच्या बाजूने घेऊ. एवढ्याशा कटाची जागा बदलून काय फरक पडतो? आणि पहिलं ऑपरेशन चुकलं होतं का?
— एक वाचक, कराड

उत्तर: आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, कारण मनात तेच सलत असणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी चुकलेलं काही दिसत नाही. त्या बिनटाक्याच्या पद्धतीत मोतीबिंदू आख्खा बाहेर काढतात म्हणून कट साधारण ६-७ मिलिमीटरचा लागतो, आणि पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूसाठी ती आजही चांगली पद्धत आहे.

पण कट जिथे घेतो त्या दिशेला कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जरा सपाट होतो आणि काटकोनातल्या दिशेला बाक वाढतो, चमच्याच्या पाठीसारखा, एकीकडे जास्त गोल एकीकडे कमी. वरून कट म्हणजे उभी दिशा सपाट, आडवी बाकदार. वय झालं की बऱ्याच जणांचा कॉर्निया मुळातच आडव्या दिशेला जास्त बाकदार होत जातो, त्यात ही भर पडते. मायनस सिलिंडरचा ॲक्सिस ९० म्हणजे आडवी दिशा जास्त बाकदार, आईंचा नंबर तो हाच.

कानाकडून कट घेतला की आडवी दिशा थोडी सपाट होते, म्हणजे आपल्याला हवं तेच. शिवाय कॉर्निया उभ्यापेक्षा आडवा जरा रुंद असतो, त्यामुळे तो कट मध्यापासून लांब पडतो आणि ओढ कमी बसते. फेकोचा कट २.२ ते २.८ मिमीचाच, त्याने सिलिंडरचा नंबर साधारण पाव ते अर्धा हलतो.

मात्र सगळ्यांना कानाकडूनच असं नाही हं, ज्यांची उभी दिशा जास्त बाकदार त्यांना वरचा कट सोयीचा. म्हणून डॉक्टरांना डाव्या डोळ्याचं के रीडिंग विचारा, म्हणजे कॉर्नियाच्या उभ्या-आडव्या बाकाचं माप, आकडा मोठा तिकडे बाक जास्त. समजा उभं ४३.५० आणि आडवं ४४.२५ आलं, तर फरक पाऊणच, कानाकडच्या कटाने तो अजून कमी होईल. फरक सव्वा-दीडच्या वर असेल तर नुसत्या कटावर भागत नाही, टोरिक लेन्सचं (डोळ्यात बसवायची, सिलिंडरचा नंबरही भरून काढणारी लेन्स) विचारा, महाग असते पण अशा डोळ्याला तिचा खरंच उपयोग होतो. ती ठरली तर ऑपरेशनआधी आईंना बसवून डोळ्यावर शाईची खूण करतील, घाबरू नका, आडवं झालं की डोळा किंचित फिरतो म्हणून ती आधीच करतात. लेन्स ३० अंश तिरकी बसली तर सिलिंडरचा फायदा सगळाच जातो.

नवा चष्मा महिनाभराने, डॉक्टर सांगतील तेव्हाच करा, कट भरताना नंबर हलत असतो. उजव्या डोळ्याला चष्म्यातून स्वच्छ दिसत असेल तर त्याला हात लावू नका.