बाळ सांभाळायचा दोन महिन्यांचा पगार अडकवलाय, वर चोरीची धमकी

ताई, तुमची आई ठाण्यात एका घरी बाळ सांभाळायला जायची, सकाळी 8 ते संध्याकाळी 7, पगार 18,000 ठरलेला, मग हळूहळू मोठ्याला शाळेतून आणणं आणि रात्रीच्या पोळ्याही गळ्यात पडल्या, आणि आता काढून टाकताना शेवटचे दोन महिने दिलेच नाहीत, मागायला गेलात तर म्हणे बाळाची चेन सापडत नाहीये, पोलिसात जाऊ. तुम्ही विचारताय सरकारी रेट काय आहे आणि त्या हिशेबाने मागता येईल का.

सरकारी रेटच्या मागे लागू नका. केरळ, कर्नाटकने घरकाम किमान वेतनाच्या यादीत घातलं, आपल्याकडे तसा दर नाही. 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणी आणि कल्याण योजनांचा, मंडळ तुमचा पगार वसूल करून देत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला समिती नेमून घरकामगारांच्या कायद्याचा विचार करा असं सांगितलं, पण त्यावर आत्ता तुमचे पैसे सुटणार नाहीत. लेबर कोर्टातही घरगुती नोकरी सहसा बसत नाही.

मग उरतो तो साधा करार. तोंडी असला तरी करारच. 36,000 हे सरळ येणं आहे आणि पगार देय झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो. पुरावा म्हणाल तर आधीच्या महिन्यांचे यूपीआयने आलेले 18,000 दर ठरला होता हे दाखवतात, सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये आईची रोजची एन्ट्री असते ती काम केल्याचं दाखवते, आणि "मावशी उद्या लवकर या, आम्हाला उशीर होईल" असले व्हॉट्सॲप मेसेज तर सोनंच. चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका, कोर्टात प्रिंटआउटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, सर्टिफिकेट जोडावं लागतं. गेटची एन्ट्री मात्र लवकर काढून घ्या, आईचं नाव ॲपवरून काढलं की मिळणं अवघड.

पोळ्यांचे आणि शाळेच्या फेऱ्यांचे जादा पैसे? कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 70 (फुकट करायचं म्हणून न केलेल्या कामाचा मोबदला) दाखवून मागता येतात, पण वेगळं काही ठरलं नव्हतं, त्यामुळे बाजू कच्ची. तडजोडीत वापरा, दाव्याचा पाया करू नका.

चेनचं म्हणाल तर खरंच गेली असती तर ते तुम्ही पगार मागेपर्यंत गप्प बसले नसते, हे पोलिसांनाही कळतं. म्हणून लेखी मागणी आधी तुमच्याकडून जाऊ दे, तारखेसकट, स्पीड पोस्टाने. खोटी माहिती देऊन पोलिसांना कामाला लावणं हाही भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, कलम 217, आणि हे त्याच पत्रात शांतपणे लिहायला हरकत नाही.

वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिथून लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच.

आणि त्यांनी घरी बोलवून पाकीट पुढे केलं तर पैसे हातात येऊन मोजेपर्यंत "आता काही येणं नाही" असल्या कागदावर आईची सही किंवा अंगठा होऊ देऊ नका. आधारची झेरॉक्स दिली होती ना, तीही परत मागा.