६२ हजारांची हायब्रिड सायकल, हप्त्यावर घेऊ का?

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी, महिन्याला हातात ८२ हजार येतात. त्यातून घराचा हप्ता २६ हजार, घरखर्च आणि दोन मुलांची शाळा मिळून ३४ हजार, एसआयपी १२ हजार. मागे उरतात दहा. बचत खातं आणि एफडी मिळून १ लाख १० हजार गाठीला आहेत. तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ६.१ निघालं आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. म्हणून हायब्रिड, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी सायकल घ्यायचं त्यांच्या मनात आहे. आठवड्यातून दोनदा गंगापूर रोडवरून अंबडला कामावर जायचं आणि रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूने गिरणाऱ्याकडे, द्राक्षबागांमधल्या मुरमाच्या रस्त्यांवर. दुकानात दोन सायकली पाहिल्या. एक २८ हजारांची, पुढे सस्पेन्शन असलेली. दुसरी ६२ हजारांची, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. सायकलवाले मित्र म्हणतात, साठच्या खाली घेऊच नका. पत्नी म्हणते, जिमचे वर्षाचे पैसे भरून दोन महिन्यांत सोडलीत, आधी माझ्या भावाकडे पडून असलेली जुनी एमटीबी, ती जाड टायरची डोंगरी सायकल, आणून चालवा. त्यांनी विचारलं आहे: ‘पेट्रोल वाचून सायकल जवळजवळ फुकटच पडेल, मग ६२ची घेऊ ना?’

नमस्कार.

सायकल जरूर घ्या. मात्र ६२ची नको, २८ची ती सस्पेन्शनवालीही नको, आणि हप्त्यावर तर कोणतीच नको.

आधी पेट्रोलचा हिशेब करू, कारण तुमचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. घर ते कंपनी नऊ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अठरा. आठवड्यातून दोनदा म्हणजे ३६. पावसाळ्यातले आणि सुट्टीचे आठवडे वगळून वर्षाचे ४० आठवडे धरले तर १,४४० किलोमीटर झाले. तुमची मोटरसायकल लिटरला ४५ देते, तेव्हा वाचलं ३२ लिटर पेट्रोल. लिटरचे १०५ रुपये धरले तरी वर्षाला ३,३६० रुपये. या गतीने ६२ हजार वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील. शिवाय सर्व्हिसिंग, चेन, ब्रेक पॅड, ट्यूब यांवर वर्षाला तीनेक हजार जातातच. तेव्हा पेट्रोलची बचत या हिशेबातून काढूनच टाका. हा आरोग्यावरचा खर्च आहे आणि तो करण्यासारखा आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तुमच्या कामावरच्या दोन फेऱ्या आणि रविवारची एक रपेट एवढ्यातच पूर्ण होते. एचबीए१सीचा ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा मानतात आणि इथून मागे फिरता येतं. एवढं एक कारण पुरेसं आहे.

आता तो नो-कॉस्ट ईएमआय. हप्ता ५,१६७ रुपयांचा, बारा महिने, बेरीज ६२ हजारच, म्हणून व्याज नाही असं वाटतं. व्याज असतंच. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरला तर या हप्त्यांमागचं मुद्दल सुमारे ५७,२४० रुपये येतं आणि उरलेले ४,७६० हे व्याज. ते भरून काढायला विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट देते, एवढीच त्यातली रचना. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेआठशे रुपये, तुमच्या कार्डावर पडतो. प्रोसेसिंग फी वेगळी. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार मुळात अस्तित्वात नाही. हजार-बाराशे रुपये जास्तीचे गेले याचं मला फार वाटत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. जी सूट व्याजात मुरते ती रोख किंवा यूपीआयने पैसे देणाऱ्याला बऱ्याचदा मागितली की मिळते. दुकानदाराला सरळ विचारा, ‘ईएमआय नको, एकरकमी दिले तर केवढ्याला द्याल?’ त्याचा आकडा ऐकलात की मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

त्याच वेळी एमआरपीही नीट पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ६२ हजार ही किंमत जुन्या दराची असेल, तर तीच सायकल आता ५८ हजारांच्या आसपास मिळायला हवी. दुकानात जुना माल जुन्याच स्टिकरसह उभा असू शकतो. पावतीवर ५ टक्के दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

सायकलीबद्दल बोलतो, कारण चुकीच्या वस्तूवर केलेली काटकसरही पैसे घालवते. २८ हजारांच्या त्या सायकलीचं सस्पेन्शन दिसायला दणकट असतं, पण या किमतीत फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यात, साधी स्प्रिंगच असते. वजन दोनेक किलोने वाढतं, चढावर उभं राहून पेडल मारलं की फोर्क दबत राहतो आणि पायातला जोर वाया जातो. मुरमाच्या रस्त्यावर आराम मिळतो तो मुख्यतः टायरमुळे. ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे टायर, त्यांत डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी हवा आणि साधा, न दबणारा रिजिड फोर्क: गिरणाऱ्याच्या रस्त्यांसाठी एवढं पुरतं. दुकानात नावं ऐकाल तेव्हा इतकं लक्षात ठेवा की ट्रेकची एफएक्स आणि जायंटची एस्केप या रिजिड फोर्कच्या घराण्यातल्या, तर जायंटची रोम आणि स्कॉटची सब क्रॉस सस्पेन्शनच्या. भारतीय कंपन्यांतही दोन्ही प्रकार मिळतात. ब्रँडपेक्षा फोर्क आणि टायर पाहा.

६२ हजारांत जास्तीचं काय मिळतं? फ्रेम हलकी, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, गिअरचा संच वरच्या दर्जाचा. हे सगळं खरं आहे, आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर मारणाऱ्याला ते जाणवतं. वीस-पंचवीस किलोमीटरच्या फेरीत, तेही पहिल्या वर्षी, तुम्हाला त्यापेक्षा जास्त जाणवेल फ्रेमचं माप. टॉप ट्यूबच्या, म्हणजे सीट आणि हँडलमधल्या वरच्या नळीच्या, दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर सपाट उभे राहा. नळी आणि जांघ यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर सुटलं पाहिजे. माप चुकलं तर साठ हजारांची सायकलही मान आणि मनगटं दुखवते, आणि मग ती पार्किंगमध्येच राहते. रिजिड फोर्क, रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि चढाला पुरेसा हलका गिअर असलेली हायब्रिड ३२ ते ३५ हजारांत मिळते. तुमच्यासाठी ती योग्य.

मित्रांचा सल्ला मनापासूनचा असणार यात शंका नाही. नाशिकचं सायकलवेड मी ओळखून आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका ओलांडणारी रॅम शर्यत जोडीने पूर्ण केली, त्या गावात सायकलीविषयी चर्चा वरच्या पातळीवरूनच सुरू होते. पण त्या मित्रांच्या पगारातून काय वजा होतं ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या पगारातून काय वजा होतं ते तुम्ही मला लिहिलं आहे.

त्यावरूनच मला काळजी वाटते. तुमचा अत्यावश्यक खर्च महिन्याला ६० हजार आहे आणि हाताशी १ लाख १० हजार. नोकरीत खंड पडला तर दोन महिनेसुद्धा निघणार नाहीत. त्यात उरणाऱ्या दहा हजारांतले निम्म्याहून अधिक वर्षभर हप्त्यात अडकवणं मला पटत नाही. आणि पत्रात शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे की आरोग्य विमा फक्त कंपनीचा, तोही तीन लाखांचा. या सगळ्या पत्रातला सर्वांत महाग निर्णय तो आहे.

तुमची साखर सीमेवर आहे. कंपनी सुटली की गटविमा सुटतो. उद्या मधुमेहाचं निदान झालं आणि त्यानंतर तुम्ही स्वतःची पॉलिसी घ्यायला गेलात, तर प्रीमियम वाढू शकतो, नकारही येऊ शकतो. आजच अर्ज करा आणि त्यात ६.१ हा आकडा लपवू नका, कारण लपवलेली माहिती नेमकी क्लेमच्या वेळी बाहेर येते. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही असा काळ, लागला तरी नियमाने तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आणि ती तीन वर्षं पॉलिसी घेतलेल्या दिवसापासून मोजली जातात. सायकलवरचा कर कमी झाला त्याच दिवसापासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण गेला आहे. चौघांची मिळून एकच, दहा लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी वर्षाला २५ ते ३० हजारांत बसेल असं धरून चाला.

तेव्हा उरणाऱ्या दहा हजारांचे दोन भाग करा. पाच हजार विम्याच्या प्रीमियमसाठी आणि तातडीच्या निधीसाठी. उरलेले पाच हजार सायकलीसाठी वेगळ्या आवर्ती ठेवीत, या मार्चपासून सप्टेंबरपर्यंत. दसऱ्याला ३५ हजार जमलेले असतील, पाऊस सरलेला असेल, आणि सायकल एकरकमी घरी येईल. एसआयपीला हात लावू नका. दिवाळीचा बोनस आला तर तोही तातडीच्या निधीतच टाका.

तोवर व्यायाम थांबवायचा नाही. वहिनींचं ऐका, मेव्हण्याची एमटीबी याच रविवारी घेऊन या. हजारभर रुपयांत सर्व्हिसिंग करून घ्या. मेकॅनिकसमोर एक गोष्ट स्वतः बघा: पुढच्या मोठ्या चाकीवरची चेन सर्वांत पुढच्या टोकाला चिमटीत धरून ओढा. ती उचलली जाऊन दात अर्धे दिसायला लागले तर चेन संपली आहे, बदलून घ्या. गुळगुळीत रुंद टायर घालता आले तर कामावर जाताना पायांना फार फरक पडेल. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चांगलं कुलूप मात्र नवं आणि आत्ताच घ्या. यांना चार-पाच हजार लागतील, पुढे नव्या सायकलीलाही तेच चालेल. अंबडचा रस्ता ट्रकचा आहे, दिव्यांत काटकसर नको.

जूनपर्यंत आठवड्याला तीनदा सायकल बाहेर पडत असेल, तर दसऱ्याची खरेदी बिनधास्त करा आणि वहिनींनाही दुकानात सोबत न्या. आठवड्याला एकदाच होत असेल, तर नवी घेऊ नका. तीच जुनी चालवा, किंवा दुसऱ्याची वापरलेली हायब्रिड शोधा. लॉकडाउनच्या काळात हौसेने घेतलेल्या आणि फारशा न चाललेल्या सायकली अजून विकायला निघतात, आणि दोन-तीन वर्षांत किंमत निम्म्यावर आलेली असते. मात्र फ्रेमला पेडलच्या जोडाजवळ तडा आहे का हे उजेडात पाहूनच पैसे द्या.

नवी घ्याल तेव्हा पावतीवर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. तो बहुतेक सायकलींना पेडलच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. सायकलीला आरटीओची नोंदणी नसते, चोरी झाली तर तीच पावती आणि तोच नंबर पोलिसांत आणि विमा कंपनीत उपयोगी पडतो. तुमच्या घराचा विमा असेल तर त्याचा कागद काढून बघा. जुन्या पद्धतीच्या हाउसहोल्डर्स पॉलिसीत ‘पेडल सायकल’ हा स्वतंत्र विभाग असतो, आणि थोडा प्रीमियम भरून तो चालू करून घेता येतो.