सहा अर्धवट कॅनव्हास कपाटामागे, माझ्यात शिस्तच नाही का?

सांगलीहून बीएफए पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा मेल आलाय. थोडक्यात असा: "ताई, सुरुवात जोरात करते, दोन तासांत डोकं जड होतं, मग कंटाळा येतो आणि कॅनव्हास कपाटामागे जातो. असे सहा झालेत. बाकीचे रोज रील टाकतात. घरचे म्हणतात शाळेत ड्रॉइंग टीचर हो."

अगं, आधी ते डोकं जड होण्याचं बघू, कारण मला त्यातच गोम दिसतेय. तू लिहिलंयस की हॉस्टेलच्या रूमवर रात्री ऑइल पेंटिंग करतेस आणि डास येतात म्हणून खिडकी बंद. बंद खोलीत रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची वाटी उघडी ठेवून दोन तास बसलं तर कुणाचंही डोकं चढेल, आणि तू त्याला बेशिस्त म्हणून मोकळी झालीस! खिडकीला जाळी लाव, वाटीत लागेल तेवढंच टर्पेंटाइन घे, बाटलीचं झाकण लगेच लाव, ब्रश आधी साध्या खायच्या तेलात पुसून मग साबणाने धू. आणि चार फुटी कॅनव्हास पलंगाला टेकवून खाली मांडी घालून करतेस ना, ते बंद कर. जुनं का होईना पण ईझल, म्हणजे कॅनव्हास उभा ठेवायचा स्टँड, घे, उभी राहा, दर थोड्या वेळाने पाच-सहा पावलं मागे जाऊन बघ. हात खांद्यातून फिरायला लागला की मनगट आणि मान एवढी दुखत नाही. पेंटरचा स्टॅमिना निम्मा पायात असतो, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही, पाठ धरल्यावर कळलं.

आता दोन तासांबद्दल. दोन तास कमी नाहीत गं, फक्त ते रोज एकाच वेळी हवेत, आणि शक्यतो सकाळी, कारण ट्यूबलाइटखाली जमलेला रंग उजेडात बघितला की रडू येतं. तू मिरजेच्या एवढी जवळ राहतेस, तिथे सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानात एक दिवस स्केचबुक घेऊन बस, तो भोपळा तासणारा माणूस मूड आला म्हणून तासत नाही. गाणाऱ्याच्या रियाजाला आपण मान देतो आणि चित्रकाराने मात्र मूडची वाट बघायची, हे मला कधीच पटलेलं नाही. व्हॅन गॉगला सगळे वेडा, झपाटलेला म्हणून ओळखतात, पण १८८०मध्ये चित्रकार व्हायचं ठरवल्यावर तो शार्ल बार्गच्या ड्रॉइंगच्या धड्यांचे कागद समोर ठेवून तेच तेच गिरवत बसला होता, आणि १८९०मध्ये, शेवटच्या वर्षी, परत तेच धडे काढून बसला.

ऑइलचा थर वाळायला दिवस लागतात, म्हणून एकावेळी तीन कॅनव्हास चालू ठेव, एक वाळतोय तोवर दुसरा. थांबताना मात्र अडलंय तिथे थांबू नकोस, पुढे काय करायचं ते माहीत असताना थांब आणि चिठ्ठीवर लिहून ठेव: "उद्या डावीकडचा निळा गार करायचा." सकाळी कोरं डोकं घेऊन कॅनव्हाससमोर उभं राहण्यासारखी भीती नाही.

रीलवाल्यांचं सोड. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करायचे. पण म्हणून तू निवांत होऊ नकोस हं, त्यांचे ते पूर्ण व्हायचे, तुझे कपाटामागे जातात. त्या सहातले सगळ्यात वाईट दोन काढ आणि पूर्ण कर. वाईटच होऊ देत. शेवटच्या टप्प्यातली कटकट, कडा सांभाळणं, एक रंग खरवडून परत लावणं, हे नवीन चित्र सुरू करून कधीच शिकता येत नाही. पुढे मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी आठवडाभराचा शो करायचा म्हटलं तर भिंती भरतील एवढं काम हाताशी लागतं, आणि तिथे नंबर लागायलाच वर्षं जातात.

घरच्यांच्या म्हणण्यावर भांडू नकोस. शाळेची नोकरी वाईट नाही, वेळ ठरलेली असते, पगारातून रंग येतात. फक्त आत्ता हॉस्टेलवर दोन तास टिकले नाहीत तर पाचवी ते दहावीच्या वह्या तपासून आल्यावर कसे टिकतील, ते बघायला अजून दीड वर्ष आहे तुझ्याकडे. महिन्याने त्या दोन कॅनव्हासचे फोटो पाठव, दिवसाच्या उजेडात काढलेले, आणि डोकं दुखायचं थांबलं का तेही लिही. नसेल थांबलं तर आधी डोळे तपासून घे.