क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, तर बैलगाडी पुढे कशी जाते? परीक्षेत तीन मार्कांना काय लिहावं?

"बैल जास्त जोर लावतो म्हणून" एवढं मात्र लिहू नका. नववीत आमच्या ट्यूशनच्या सरांनी हेच लिहून दिलं होतं. मी हुज्जत घातली, तर "शेतातलं ज्ञान शेतात ठेव" म्हणत सगळ्या वर्गासमोर खाली बसवलं.

हुज्जतीला कारण होतं. त्याच हंगामात आमची उसाची गाडी पाटाच्या कडेला अडली होती. पाट फुटून पाणी वरवर पसरलेलं, काळी माती निसरडी झालेली. चाकं फारशी रुतली नव्हती, बैलांचे खूरच निसटत होते. चुलत्यांनी आसूड ओढले, शेपट्या पिरगाळल्या, बैल गुडघ्यावर आले. आजोबांनी आधी चुलत्यांना शिव्या घातल्या, मग फडातलं पाचट आणून बैलांच्या पायाखाली पसरायला लावलं. गाडी निघाली. बैल तेच, ऊस तेवढाच, बदलली ती पायाखालची जमीन.

क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर नसतातच, मग त्यांची वजाबाकी करता कशाला? समजा बैल गाडीला 800 न्यूटनने पुढे ओढतात, गाडी बैलांना तेवढ्यानेच मागे. खूर जमिनीला 1000 न्यूटनने मागे रेटतात, म्हणून जमीन बैलांना 1000 न्यूटनने पुढे ढकलते. चाकांना रस्त्याचा विरोध 600. बैलांवर उरले 200, गाडीवरही 200. जोडी 1000 किलोची आणि भरलेली गाडीही तेवढीच धरली, तर दोघांचं त्वरण 0.2 मीटर प्रति सेकंद वर्ग. यात बैलांनी "जास्त" कुठे ओढलं? न्यूटनने 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त तिसऱ्या नियमाखाली दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचं उदाहरण दिलंय, आणि दगडही घोड्याला तितकंच मागे ओढतो असं स्वच्छ लिहिलंय. आमच्या सरांनी त्यालाही खाली बसवलं असतं.

हां, आकडे हिशेबापुरते आहेत आणि रस्ता सपाट धरलाय. गाडी एकदा एकसारख्या वेगाने चालू लागली की खुरांचा रेटाही 600 वरच येतो.

तीन मार्कांचं म्हणाल, तर बैलांची आणि गाडीची वेगवेगळी आकृती काढा, प्रत्येकीत फक्त त्या-त्या वस्तूवर लागणारे जोर दाखवा. तुमचेही सर "जास्त जोर"वाले निघाले, तर साबणाचं पाणी सांडलेल्या फरशीवर उभं राहून त्यांना भरलेलं कपाट ढकलायला सांगा. जोर भरपूर लावतील.